मेहकर आलं काय?

मित्रांनो, डोणगावच्या बाजारामागे, सोयाबीनच्या गोदामाच्या सावलीत एक पांढरी गाडी उभी आहे. तिची चारही चाकं जमिनीत रुतली आहेत. ती मी. मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. माझ्या कपाळावरची उलटी अक्षरं आता अर्धीच उरली आहेत, छतावरचा दिवा फुटला आहे आणि बॅटरीच्या जागेत पालींनी बिऱ्हाड केलं आहे. शाळेतून घरी जाताना तुम्ही माझ्या बाजूने भरभर पावलं टाकता. एखादा धीट मुलगा पैज लावून माझ्या मागच्या दाराला हात लावतो आणि पळत सुटतो. तुम्ही एकमेकांना सांगता, हिच्यात माणसं मेली आहेत, हिच्यात काहीतरी आहे.

माणसं मेली, हे खरं आहे. काही जन्मलीसुद्धा. आणि 'काहीतरी' म्हणजे काय, ते मी आज सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी नुसती रिकामी व्हॅन होते. माझ्या रांगेतल्या गाड्या कोणी पाव-बिस्किटं वाहायला गेल्या, कोणी कपड्यांचे गठ्ठे. मला मात्र एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे माझ्या दोन्ही कुशी कापून त्यात काचा बसवल्या. आत स्ट्रेचर आलं, बाकडं आलं, ऑक्सिजनच्या सिलिंडरला धरायला पट्टे आले, सलाईन टांगायला हूक आले. चालकाची जागा आणि रुग्णाची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उभी केली आणि त्या भिंतीत एक लहान सरकती काच बसवली. मागच्या माणसाला पुढच्याला काही सांगायचं असेल, तर ही काच वाजवायची. मी तेव्हा त्या काचेकडे फारसं लक्ष दिलं नाही. सगळ्यांचं लक्ष सायरनकडे होतं, आणि माझंही.

डोणगावातल्या एका सेवाभावी संस्थेने मला आणलं; तिचं ऑफिस याच गोदामाला लागून होतं. संस्थेचे सचिव वामनराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, बायकांनी हळदीकुंकू लावलं आणि किल्ली दयारामच्या हाती दिली.

दयाराम त्याआधी भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचा. टमाटे दबू नयेत म्हणून खड्डा चुकवायची सवय त्याच्या हातांना होती, तीच पुढे माणसांच्या कामी आली. त्याच्यासोबत मागे नर्स असायची, समता. ती बोलायला फटकळ, पण तिच्या हाताला घाई नव्हती. या दोघांनी मला वापरलं म्हणण्यापेक्षा सांभाळलं म्हणणं बरोबर होईल. दयाराम रोज सकाळी माझ्या काचा पुसायचा आणि सायरन एकदाच, अगदी थोडा वाजवून बघायचा, जणू झोपलेल्या माणसाला हळूच हाक मारावी.

ती वर्षं चांगली होती. मोठा दवाखाना मेहकरला; त्या वाटेवर, एका वळणाच्या अलीकडे, माझ्यात एक मुलगी जन्मली. तिच्या आईने दयारामला विचारलं, "भाऊ, नाव काय ठेवू?" तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "समताताईले विचारा. मी तं निस्ता रस्त्याकडं पाहत होतो." स्वातंत्र्यदिनी गावाने त्याला शाल दिली, फोटो काढला. फोटोत मी पण आहे, अर्धीच, पण आहे.

पण मित्रांनो, या कामाची दुसरी बाजू फोटोत येत नाही. फेरी करून परत आलं की लोक विचारत, पेशंट कसा आहे? ते बरोबरच आहे. त्यानंतर दयाराम पाण्याचा पाइप घेऊन मला आतून धुवायचा. कधी पाणी लवकर स्वच्छ व्हायचं, कधी व्हायचं नाही. धुताना तो पाण्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघायचा. त्याला कोणी काही विचारत नसे. आणि तोही घरी जाऊन काही सांगत नसे, हे मला नंतर कळलं.

मग ती हिवाळ्यातली सकाळ आली.

शेजारच्या वस्तीवरचा प्रेम नावाचा तरुण मोटारसायकलवर कोथिंबिरीचं पोतं बांधून मेहकरच्या बाजाराला निघाला होता. कुठल्याशा वाहनाने त्याला उडवलं आणि ते वाहन निघून गेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला पडलेला होता. बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती. छातीला मार होता. तो शुद्धीवर होता, बोलत होता. कोणीतरी त्याचं पोतंही माझ्यात टाकलं, "पोराचा माल हाये, राहू द्या त्याच्याजोळ."

समता त्याच्या शेजारी बसली. दयारामने सायरन लावला. थोडं अंतर गेलं असेल, तोच काच वाजली. प्रेमचा हात उशाकडे, काचेपर्यंत पोचत होता. तो बोटांच्या पेरांनी वाजवत होता.

"भाऊ, मेहकर आलं काय?"

"आलंच बाप्पा, आलंच," दयाराम म्हणाला.

मेहकर आलं नव्हतं. अजून बराच रस्ता बाकी होता. पण असं सगळेच म्हणतात.

पुन्हा काच वाजली. "भाऊ, मेहकर आलं काय?"

"आलंच. डोळे उघडे ठेव."

प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा खाली जात होता. दयारामने मला इतकं पळवलं की माझ्या दारांचे बोल्ट कुरकुरू लागले. मग एकदा नुसतीच काच वाजली, प्रश्न आला नाही. दयाराम तरीही म्हणाला, "आलंच." त्यानंतर काच वाजली नाही.

मेहकरची पहिली दुकानं दिसली तेव्हा दयाराम मोठ्याने ओरडला, "आलं रे! मेहकर आलं!" मागून उत्तर आलं नाही. समता प्रेमचा हात हातात घेऊन बसली होती. तिने काचेकडे पाहिलं आणि मान हलवली.

कोथिंबिरीचा वास माझ्या बाकड्यात कितीतरी दिवस राहिला. दयारामने फिनाईल ओतलं, दारं उघडी ठेवून मला उन्हात उभं केलं, तरी जाईना. घरी त्याने वंदनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं की वरणात सांबार टाकत जाऊ नको. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात ना. का, ते मात्र सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, एक रुग्ण पोचवून रिकामं परत येताना त्याने एकदम ब्रेक दाबला. वळून काचेतून मागे पाहिलं. मग खाली उतरून मागचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. समता पुढेच बसली होती. "काय झालं दयाराम भाऊ?" तो म्हणाला, "काही नाई. वाटलं दार उघडं राह्यलं."

दार बंद होतं. त्याने काच वाजलेली ऐकली होती.

मित्रांनो, मागे कोणी नव्हतं. ते माझंच अंग आहे, तिथे माशी बसली तरी मला कळतं. काच वाजली नव्हती. पण हे मी त्याला कसं सांगणार? दिवसाढवळ्या, मोकळ्या रस्त्यावर तो पुन्हा पुन्हा थांबू लागला. पुढे पुढे मलाही त्या काचेची धास्ती बसली. चाकाखालचा खडा उडून पत्र्याला लागला, तरी आम्ही दोघं एकदमच दचकायचो.

त्याची झोप गेली. डोळ्यांखाली काळं आलं. जानराव नावाचा त्याचा मित्र रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा. तो काही वाईट माणूस नव्हता. मित्राची दशा त्याला बघवेना, आणि त्याला जो उपाय ठाऊक होता तो त्याने पुढे केला. माझ्या मागच्या चाकाशी बसूनच त्याने चिलीम पेटवली. "घे बे, एक दम मार. मंग पाह्य कशी झोप लागते ते."

तो गांजा होता. दयारामला त्या दिवशी झोप लागली. मेल्यासारखी झोप. दुसऱ्या दिवशी तो हसलासुद्धा. मला वाटलं, सुटलो आपण.

पण ती सुटका नव्हती. थोड्या दिवसांनी गांजाशिवाय झोप येईना, आणि मग गांजा ओढूनही येईना. उलट भीती वाढली. आधी त्याला फक्त काच ऐकू यायची. आता आरशात मागे कोणी बसलेलं दिसायचं, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस आपल्याबद्दलच बोलतो आहे असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतःशी ठरवली होती आणि ती पाळली. ज्या दिवशी ओढली, त्या दिवशी माझ्या किल्लीला हात लावायचा नाही. म्हणून त्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या. तो माझ्याच सावलीत उभा राहून वामनरावांना फोन करायचा. "साहेब, पोट दुखून राह्यलं." "साहेब, ताप हाये." "साहेब, पाठ धरली." कधी पोट, कधी ताप, कधी पाठ. खरं दुखणं सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

गावात चेष्टा सुरू झाली. आजाऱ्यांची गाडी हाकणाराच रोज आजारी, म्हणून लोक हसू लागले. बदली म्हणून कधी एका ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचे. त्याने गोदामाच्या कोपऱ्याला घासून माझी डावी बाजू सोलून काढली. ती खूण अजून आहे. ज्या दिवशी तोही मिळायचा नाही, त्या दिवशी लोक खाजगी जीप शोधत फिरायचे आणि संस्थेला शिव्या घालायचे. समताला संशय आला होता. तिने एकदोनदा विचारलं. दयारामने विषय बदलला.

एका सकाळी वंदना त्याला शोधत आली. कामावर जातो म्हणून तो घरून निघाला होता आणि कामावर आलाच नव्हता. तिला तो माझ्या आत सापडला. स्ट्रेचरच्या कडेला बसून तो काचेकडे बघत होता.

"डिंपलचे बाबा, हे काय? इथं काऊन बसले?"

 ती आत चढली.

"मले सांगान का नाई? पोरीशी बोलत नाई, जेवत नाई. तोंडाले वास येते तुमच्या. लोकं म्हणतात याले बाहेरचं लागलं. कोणी म्हणते सैलानी बाबाच्या दर्ग्यावर न्या, कोणी काय म्हणते. मी कोठी नेऊ तुमाले?"

"काच वाजते, वंदना."

"कोणती?"

"हे." त्याने बोट दाखवलं. मग पहिल्यांदाच त्याने कोणाला तरी प्रेमची गोष्ट सांगितली. सगळी नाही, तुटक तुटक. आलंच, आलंच म्हणालो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

वंदनाने डोळे पुसले. ती उतरली, पुढे गेली आणि माझ्या चालकाच्या जागेवर बसली. तिथे ती आयुष्यात कधी बसली नव्हती. "मी बसते इथं," ती काचेतून म्हणाली. "वाजली तं मीबी ऐकन."

दोघं बसून राहिले. गोदामाच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या, बाजारातून हमालांचे आवाज येत होते. वंदना कान देऊन ऐकत होती.

"नाई वाजली," ती शेवटी म्हणाली.

"आत्ताच वाजली," दयाराम म्हणाला.

वंदना स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. तिचे अश्रू माझ्या हॉर्नवर पडले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. माझ्याकडे एवढा मोठा सायरन होता, आणि या माणसासाठी मला तो वाजवता येत नव्हता.

त्याच सुमारास वामनरावांनी त्याला बोलावलं. माझ्यासमोरच, मोकळ्या जागेत उभं राहून ते म्हणाले, "दयाराम, आता पुरे झालं. यापुढे डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तरच सुट्टी. नाहीतर किल्ली टेबलावर ठेव आणि घरी जा."

दयाराम मान खाली घालून उभा राहिला. तापाचं सर्टिफिकेट मिळतं. पोटदुखीचंही मिळतं. काच वाजते, याचं सर्टिफिकेट कोण देणार? आणि डॉक्टरने गांजाचं विचारलं तर? नोकरी तर जाईलच, गावात तोंडही दाखवता येणार नाही. त्याने सुट्ट्या घेणं बंद केलं. म्हणजे, आता तो ओढलेल्या दिवशीही कामावर येऊ लागला. माझ्या जवळ बसायचा आणि आज फेरी न येवो म्हणून मनातल्या मनात विनवायचा. त्याचं नशीब म्हणा, काही दिवस तशा वेळी फेरी आली नाही.

एका दुपारी आली. रुख्मिणी नावाची बाई, आठवा महिना. तिला झटके येत होते, अंगावरून रक्तही जात होतं. तिच्या सासूबाई कौशल्याबाई तिला ऑटोत घालून थेट संस्थेच्या दाराशी घेऊन आल्या होत्या. समताने तिला माझ्यात घेतलं, कौशल्याबाई शेजारी बसल्या. सकाळीच गोदामामागे बसून दयारामने चिलीम ओढली होती. तो पुढे चढला. त्याने किल्ली फिरवली. माझं इंजिन सुरू झालं. 

तेवढ्यात काच वाजली.

तो ताठ बसला. काच पुन्हा वाजली, जोरात. तो हलला नाही. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "समताताई... काच कोणी वाजवून राह्यलं काय?"

मागून समता ओरडली, "हाव ना! मावशी वाजवून राह्यल्या! चला लवकर!"

या वेळी काच खरंच वाजली होती. कौशल्याबाई मुठीने वाजवत होत्या. आणि खरी काच कोणती, खोटी कोणती, हे त्याला कळलं नव्हतं.

दयारामने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला. बाहेर दहा-वीस माणसं जमली होती, वामनराव पायरीवर उभे होते. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, मी गांजा ओढलेला हाये. मी गाडी नाई चालवणार. दुसऱ्याले बसवा. लवकर बसवा."

क्षणभर कोणाला समजलंच नाही. मग एकच गलका झाला. कोणीतरी त्याची कॉलर धरली, कोणीतरी थोबाडीत मारली. कौशल्याबाई माझ्या दारातून वाकून किंचाळल्या, "माझी सून मरून राह्यली आन् तू हे आता सांगतं काय रे!" दयाराम मार चुकवत नव्हता. तो फक्त किल्ली पुढे धरून उभा होता आणि "घ्या ना, घ्या ना कोणी" म्हणत होता.

ट्रॅक्टरवाला त्या दिवशी गावात नव्हता. वामनराव पायरीवरून उतरले आणि त्यांनी किल्ली घेतली. त्यांना आपली छोटी कार चालवायची सवय होती, मला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पहिला गिअर टाकताना मी केवढा तरी हिसका खाल्ला. पण आम्ही निघालो.

माझा सायरन त्यांनी आजवर ऑफिसात बसून ऐकला होता. त्याच्या खाली बसून तो कसा वाटतो, हे त्यांना माहीत नव्हतं. समोर बैलगाडी, मागून ट्रक, आणि पाठीशी एक माणूस ज्याचा जीव आपल्या पायात आहे. समता मागून सांगत होती, "हळू घ्या काका, वळण हाये... आता पळवा." मग काच वाजली.

"साहेब, मेहकर आलं काय हो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

वामनराव मुळात खोटं न बोलणारे. त्यांनी समोर पाहिलं. समोर नुसता रस्ता होता. त्यांच्या तोंडून निघालं, "आलंच."

त्यांना हा शब्द कोणी शिकवला नव्हता. प्रेमचं शेवटचं बोलणं दयारामने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काच वाजत राहिली आणि ते म्हणत राहिले, "आलंच, माय. आलंच."

रुख्मिणी वाचली. तिचं बाळ वाचलं नाही. डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारात येऊन सांगितलं की बाळ घरी असतानाच दगावलं होतं, थोडं लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. पण हे ऐकताना कौशल्याबाई डॉक्टरांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आमच्यापैकी कोणाला कधी माफ केलं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही परतलो तेव्हा उन्हं कलली होती. दयाराम जिथे सोडला होता तिथेच, भिंतीशी बसलेला होता. ओठ सुजला होता. वामनरावांनी मला उभं केलं, पण बराच वेळ खाली उतरले नाहीत. त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. मग त्यांनी पाइप घेतला आणि ते मला धुवायला लागले. स्ट्रेचरखालून लाल पाणी वाहू लागलं आणि त्यांचा हात थांबला.

दयाराम उठला. "राहू द्या साहेब. मी धुतो."

"नाही," वामनराव म्हणाले. "आज तू बस." त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. धुता धुता, मागे न वळता त्यांनी विचारलं, "बाई केवढा तरी वेळ काच वाजवत होती. अजून कानात आहे माझ्या. तुला... तुला असं किती दिवसांपासून होतंय?"

दयारामला रडू फुटलं. मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना मी त्या दिवशी पाहिला. वामनरावांनी पाइप खाली टाकला, नळ सुरूच राहिला, आणि ते त्याच्याजवळ ओल्या जमिनीवर बसले. समताने जाऊन नळ बंद केला.

संस्थेच्या बैठकीत खूप भांडण झालं. काढून टाका, पोलिसात द्या, असं काही जण म्हणाले. आणि त्यांचा राग चुकीचा नव्हता, मित्रांनो. अशा अवस्थेत कामावर येणं हे दयारामचं चुकलंच होतं. वामनराव म्हणाले, "त्याचं चुकलं. पण मी पोटदुखी ऐकत राहिलो आणि माणूस पाहिला नाही, हे माझंही चुकलं. तो त्या दिवशी गप्प राहून निघाला असता, तर काय झालं असतं याचा विचार करा." शेवटी ठरलं की डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर किल्लीला हात नाही, पण नोकरी राहील. आजारपणाची रजा. या वेळी खऱ्या आजाराची.

वंदना त्याला बसने बुलढाण्याला घेऊन जाऊ लागली. तिथे सुचिता नावाच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर होत्या. परत आल्यावर तो माझ्या पायरीवर बसून समताला सगळं सांगायचा, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला वेड लागलं आहे असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी मरणं जवळून पाहिलीत आणि एकही कोणाला सांगितलं नाही. ते सगळं त्या काचेमागे साठलंय. आणि गांजा त्याला शांत करत नाही, खतपाणी घालतो." त्यांनी औषध दिलं, आणि दर वेळी त्याला बोलायला लावलं.

हे ऐकायला सोपं वाटतं. त्याला ते सोपं गेलं नाही. गांजा सुटताना त्याला घाम फुटायचा, तो डिंपलवर खेकसायचा आणि मग स्वतःच रडायचा. एकदा तो तोंड लपवून जानरावच्या दुकानाकडे गेला. मी तेव्हा तिथेच पंक्चर काढायला उभी होते. जानरावने त्याच्याकडे पाहिलं, हातातली ट्यूब खाली ठेवली. "नाई बे. माझ्याजोळ नाई अन् असतं तरी देल्लं नसतं. बस इथं, चहा सांगतो." दोघं चहा पीत बसले. जानराव म्हणाला, "मले वाटलं होतं मी तुयं भलं करून राह्यलो." दयारामने कप खाली ठेवला नाही.

थोडे महिने गेले. एके दिवशी एक म्हातारा माझ्याजवळ आला. दयाराम माझं बाकडं पुसत होता.

"मी उकंडराव. प्रेमचा बाप."

दयारामच्या हातून फडकं पडलं.

"समताबाई भेटली होती. म्हणे तुमी लय दिवसांपासून आजारी आहा, माझ्या पोरापायी. म्हणून आलो." ते आत चढले आणि हाताने स्ट्रेचर चाचपत बसले. "शेवटी काय बोलला तो?"

"मेहकर आलं काय, म्हणून विचारे."

"मंग?"

"मी म्हणो, आलंच." दयारामने फडकं उचललं. "काका, खोटं बोललो मी. मेहकर दूर होतं."

 उकंडराव स्ट्रेचरच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "लहान होता तवा शेतातून पायी येताना थकून जाय. रडे. मी त्याले असंच म्हणो. आलंच गाव, आलंच. तेवढ्यावर चाले बिचारा." त्यांनी दयारामच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी नव्हतो तिथं. तुमी होते. झालं."

ते उतरले आणि निघून गेले. दयाराम त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्यात बसून होता. काच वाजली की नाही, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, एवढं मी पाहिलं.

नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तो पुन्हा माझ्या चालकाच्या जागेवर बसला. आधी रिकाम्या फेऱ्या, मग समता सोबत असताना, मग पहिल्यासारखा. संस्थेत एक पद्धत पडली. वाईट फेरी करून आलेल्या माणसाने एकट्याने गाडी धुवायची नाही आणि एकट्याने घरी जायचं नाही. वामनराव स्वतः येऊन बसायचे. कधी कोणी काही बोलायचं नाही, नुसता चहा व्हायचा.

मग माझं वय झालं. नवी गाडी आली, तिला हळदीकुंकू लागलं, दयाराम ती चालवू लागला आणि मला इथे आणून उभं केलं. सुरुवातीला दयाराम येऊन काचा पुसून जायचा. हळूहळू तेही कमी झालं. तक्रार नाही माझी. मी गंजते, त्याला इलाज नाही. इथे उभी असताना मला ते सगळे आवाज आठवतात, प्रेमचा, कौशल्याबाईंचा, ज्यांची नावं कधी कळली नाहीत त्यांचे. ते माझ्यातून गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत. माणसातून तरी ते पूर्ण जातात का, मला शंका आहे.

मागच्या महिन्यात दयाराम सकाळी माझ्या सावलीत उभा राहिला. त्याने फोन लावला. म्हणाला, "साहेब, आज पोट दुखत नाई, तापबी नाई. आज मन बरं नाई. आज मी गाडी नाई घेत."

पलीकडून वामनरावांचा म्हातारा आवाज आला, "बरं. तिथेच थांब. मी येतो, मग सोबत घरी जाऊ."

मित्रांनो, रस्त्यावर सायरन वाजला की तुम्ही बाजूला होता. फार चांगलं करता. पण तुमच्या घरातही रोज कोणीतरी कामाला जातं आणि कामावरचं काय काय मनात घेऊन परत येतं. त्यातलं कोणी एखाद्या सकाळी म्हणालं की आज मला बरं वाटत नाही, तर कपाळाला हात लावून 'ताप तर नाही' म्हणत लगेच उठू नका. जरा वेळ त्यांच्याजवळ बसा.